वैद्य चौकट माझी नाही

सिडकोतल्या आमच्या कॉलनीत मी गणिताचा प्राध्यापक होतो एवढं सगळ्यांना माहीत आहे. सकाळी दुधाच्या केंद्रावर एखादा नवीन शेजारी आपुलकीनं पुढचं विचारतो, "सर, गणितात नेमकं काय?" मी सांगतो, "हायपरजिओमेट्रिक फलनं." मग तो हातातल्या दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचू लागतो. माझ्या बायकोनं यावर फार पूर्वी उपाय शोधला. तिला कुणी विचारलं तर ती म्हणते, "ह्यांचं बेरजेचं काम असतं. पण ती बेरीज संपत नाही."

ही व्याख्या जवळपास बरोबर आहे. मी इतकी वर्षं तिच्यात फारशी सुधारणा करू शकलेलो नाही.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं 'वैद्य चौकटी'वर लेख मागितला. त्यांचा मुलगा आमच्या विभागात शिकलेला. ज्यांना ही चौकट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या विभागात दर शनिवारी दुपारी सेमिनार असतं. कुणीतरी एक जण फळ्यावर काहीतरी मांडतो, बाकीचे ऐकतात, अडवतात, भांडतात, चहा पितात. बोलणाऱ्यानं सुरुवातीला फळ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात खडूनं एक चौकट आखायची. आपण जी जी चिन्हं वापरणार ती तिच्यात लिहायची, प्रत्येकाचा अर्थ लिहायचा, आणि प्रत्येकासमोर खऱ्या आकड्यांचं एक छोटं उदाहरण. फळा कितीही भरला तरी चौकट पुसायची नाही. चौकटीत नसलेलं चिन्ह मध्येच आलं तर समोर बसलेल्या कुणालाही, अगदी पहिल्या वर्षाच्या पोरालाही, हात वर करून बोलणं थांबवण्याचा हक्क. आमचे विद्यार्थी जालना, बीड, परभणीच्या कॉलेजांत शिकवायला गेले आणि ही पद्धत सोबत घेऊन गेले. तिला सगळीकडं वैद्य चौकट म्हणतात. मी वैद्य.

चौकट माझी नाही. हा लेख त्यासाठी आहे. पण आधी थोडं गणित सांगावं लागेल. ते वगळू नका अशी मला सक्त ताकीद आहे. ती कुणाची, ते पुढं येईलच.

शाळेत आपण सगळ्यांनी भूमिती श्रेढी केलेली असते. एक, दोन, चार, आठ. दर वेळी दोननं गुणायचं. गुणायचा आकडा बदलत नाही. आता समजा तो दर पायरीला बदलतो, पण ठरलेल्या नियमानं बदलतो. अशी पदं मांडत जायची आणि त्यांची बेरीज करत जायची. ही झाली हायपरजिओमेट्रिक श्रेणी. दिसायला साधी, पण तिच्या पोटात लॉगरिदमपासून कितीतरी ओळखीची फलनं बसतात. एकदा ही हाताळता आली की वेगवेगळी वाटणारी दहा माणसं एकाच घरातली निघतात.

ती लिहायची म्हणजे मात्र जरा सजवावी लागते. इंग्रजी मोठा F, त्याच्या डाव्या पायाशी बारीक दोन, उजव्या पायाशी बारीक एक. डावीकडचा आकडा सांगतो की अंशात किती ठरावीक घटक आहेत, उजवीकडचा सांगतो की छेदात किती. मग कंसात a, b, c, z; यातले a आणि b अंशातले, c छेदातला. एका बॅचमध्ये फुलंब्रीकडचा एक विद्यार्थी होता. पहिल्याच तासाला त्यानं विचारलं, "सर, F ला पाय एकच, मग पैंजण दोन कशाला?" मी आजतागायत त्याच्याइतकं नेमकं वर्णन वाचलेलं नाही.

प्रत्येक पदात आणखी एक छोटं चिन्ह येतं आणि आपली सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. कंसात एक आकडा, आणि कंसाच्या पायाशी बारीक दुसरा. समजा कंसात पाच आणि पायाशी तीन. याला मी इथं 'पाचाला तीन' म्हणतो. अर्थ असा की पाचपासून सुरू करून तीन आकड्यांचा गुणाकार करायचा. ५ × ६ × ७, म्हणजे २१०. हायपरजिओमेट्रिकच्या गावात हे चिन्ह असं वर चढतं.

पण गणितात दुसरंही एक गाव आहे. किती प्रकारे माणसं खुर्च्यांवर बसवता येतील, असले हिशोब करणाऱ्यांचं. पाच खुर्च्या आणि तीन माणसं असतील तर पहिल्याला पाच पर्याय, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला तीन. ५ × ४ × ३, म्हणजे ६०. हे लोक यासाठीही तेच चिन्ह वापरतात. हुबेहूब तेच, पाचाला तीन. इथं ते खाली उतरतं. दोन्ही गावं आपापल्या जागी बरोबर आहेत. पूर्वी त्यांचं एकमेकांकडं जाणं-येणं कमी होतं, इतकंच.

मी खुर्च्यांच्या गावचा. नोकरीला लागलो तेव्हा मला दुसरं गाव आहे हेच नीट ठाऊक नव्हतं.

चौकटीनं पुढं पुष्कळ भांडणं मिटवली, त्यातली दोन सांगतो. वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासणारे सलीमभाई एकदा घरी आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की पेटीतून नग काढून तपासायचं जे गणित असतं त्यालाही हायपरजिओमेट्रिक म्हणतात आणि शहरात त्याचा एक सर राहतो. खरं आहे, काढलेला नग परत पेटीत टाकत नाही, म्हणून दर वेळी हिशोब बदलतो. सलीमभाई आणि बोल्ट पुरवणारा ठेकेदार यांचं जमत नव्हतं. हे म्हणायचे पेटी खराब, तो म्हणायचा चांगली. "सर, मेरेको सीधा बोलो, कितने नग निकालना?" मी कागदावर सवयीनं चौकट आखली आणि पहिल्या ओळीत लिहिलं, 'खराब नग म्हणजे'. पुढं काय लिहू विचारलं. सलीमभाई म्हणाले, जिसपे स्क्रॅच आया. मी म्हटलं, ठेकेदाराला फोन लावा. ठेकेदार म्हणाला, ज्याचे आटे बसत नाहीत तो. सलीमभाईंनी फोन ठेवला, चौकटीकडं बघितलं आणि म्हणाले, "मतलब हिसाब की जरूरतच नै थी." पुढच्या हंगामात दौलताबादची सीताफळं घेऊन आले. मी काहीही सोडवलेलं नव्हतं.

दुसरं एका पीएचडीच्या तोंडी परीक्षेतलं. बाहेरगावाहून एक नामांकित परीक्षक आले होते. आमच्या या कुटुंबात M नावाचं एक धाकटं फलन आहे, त्याच्या कंसात a, b, z असं लिहितात, आणि तिथं b छेदात बसतो. मोठ्या भावात, F मध्ये, b अंशात बसतो. विद्यार्थी छेदातल्या b बद्दल बोलत होता, परीक्षक अंशातल्या. विद्यार्थ्यानं घाबरून चौकट आखली नव्हती. एक तास झाला. बशीतली भजी गार झाली. शेवटी मी उठून कोपऱ्यात चौकट आखली आणि b कुठं बसतो ते लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं. परीक्षक दोन क्षण बघत राहिले आणि मोकळेपणानं हसत म्हणाले, "अरे, मी तासभर दुसऱ्याच माणसाशी भांडत होतो. चूक माझी. पुढं बोल बाळ."

खोलीतल्या सगळ्यांनी चौकटीचं कौतुक केलं. मला त्या परीक्षकांचा हेवा वाटला. 'चूक माझी' हे दोन शब्द त्यांनी पाणी मागावं तितक्या सहज उच्चारले होते. मला ते जमले नव्हते.

तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणत. विभागात मी सर्वात तरुण, पुण्याहून शिकून आलेला, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. विभागप्रमुखांना आम्ही मोठे सर म्हणायचो. ते निजामाच्या काळात हैदराबादला उर्दूतून गणित शिकलेले, भूमितीचे पक्के. त्या वर्षी विभागात संशोधनाची एकच शिष्यवृत्ती होती आणि उमेदवार दोन. दोघांनीही शनिवारी सेमिनार द्यायचं आणि मग मोठ्या सरांनी फैसला करायचा असं ठरलं.

त्यातली एक उषा साळवे. बिडकीनची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. रोज एसटीनं यायची, एमएस्सीला पहिली आलेली. शिष्यवृत्ती मिळाली तर शहरात राहून संशोधन, नाही मिळाली तर घर आणि मग लग्न, असं घरी ठरलेलं होतं. ते सगळ्या विभागाला ठाऊक होतं. कारण ती ते लपवत नसे. "सर, मला बोर्डावर उभं राहायचंय, बोहल्यावर नाय," असं तिनं मोठ्या सरांना त्यांच्या केबिनमध्ये सांगितलं होतं. मोठे सर ते आठवून दिवसभर हसत होते.

तिला ग्रंथालयात एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. पहिली काही पानं वाळवीनं खाल्लेली, लेखकाचं नाव गेलेलं, चिन्हांच्या व्याख्यांचं पानही गेलेलं. आतल्या उदाहरणांवरून तिनं चिन्हांचे अर्थ स्वतः शोधून काढले होते. कुणी मार्गदर्शक नसताना. मग पुढं जाऊन एका श्रेणीच्या बेरजेचं स्वतःचं एक सूत्र बसवलं होतं. विभागात हा विषय कुणाचाच नव्हता.

पहिल्या शनिवारी तिनं फळ्यावर श्रेणी लिहिली. सुरुवातीलाच अट लिहिली की c हा शून्य किंवा ऋण पूर्णांक नसावा. मग उदाहरणासाठी c च्या जागी दोन घेतला. मी पहिल्या रांगेत बसून माझ्या कागदावर तपासत होतो. छेदात दोनाला तीन आलं. माझ्या गावच्या पद्धतीनं दोन, एक, शून्य. गुणाकार शून्य. छेदात शून्य म्हणजे गणितातला सर्वात मोठा गुन्हा. तो पाचवीतल्या पोरालाही कळतो. मला आनंद झाला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आनंदच झाला.

मी उभा राहिलो. "साळवे, तुमच्या छेदात शून्य आहे."

तिनं फळ्याकडं बघितलं. "नाय सर. दोन, तीन, चार. चोवीस."

"दोनाला तीन म्हणजे दोन, एक, शून्य."

"सर, हे वर जातं. खाली नाय जात."

"गणितात आपल्या सोयीनं वर-खाली जाता येत नाही," मी म्हणालो.

सगळे हसले. पहिल्या रांगेतल्या मास्तराच्या विनोदाला वर्ग हसतोच, तो विनोद चांगला असावा लागत नाही. ती म्हणाली, पुस्तकात तसंच आहे. मी विचारलं, कोणाच्या पुस्तकात? तिला लेखकाचं नाव सांगता येईना. पुन्हा हसले. मोठे सर हसले नाहीत. ते म्हणाले, "मसला साफ नाही. साळवे, पुढच्या शनिवारी परत मांड."

तिनं लिहिलेली अट माझ्या डोळ्यांसमोर होती. तिचं चिन्ह खाली उतरत असतं तर ऋण आकडे वगळायची गरजच नव्हती. ते वर चढतं म्हणूनच शून्यावर आदळायची भीती ऋण आकड्यांना. एवढी एक ओळ नीट वाचली असती तर मी खाली बसलो असतो.

पुढच्या शनिवारी ती आली ती खडू हातात घेऊनच. नमस्कार-चमत्कार काही नाही. फळ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात तिनं एक चौकट आखली. आत ते चिन्ह काढलं. समोर अर्थ लिहिला. त्याखाली आकड्यांत लिहिलं, पाचाला तीन बरोबर ५ × ६ × ७. मग वर्गाकडं वळून म्हणाली, "इथं हे असं आहे. दुसरीकडं कसंय ते मला माहीत नाय. आधी हे बघून घ्या, मग पुढं भांडू."

तिचं पहिलं वाक्य संपायच्या आत मला सगळं कळलं. छेदात चोवीस होते. गेल्या शनिवारीही चोवीसच होते. पुढचा पाऊण तास तिनं आपलं सूत्र मांडलं आणि मी एकही शब्द न बोलता प्रत्येक पायरी बरोबर असल्याचं बघत राहिलो. मोठ्या सरांना हा विषय येत नव्हता. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"वैद्य, आता काय म्हणणं आहे तुझं?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. उषाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आता स्पष्ट झालं, सर. हे आधीच सांगायला हवं होतं, इतकंच."

तिनं ते गेल्या शनिवारीच सांगितलं होतं. मोठ्या सरांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी टिपलं. फैसला त्याच संध्याकाळी आला. साळवे हुशार, पण मांडणी कच्ची. शिष्यवृत्ती दुसऱ्या उमेदवाराला. तो बोलायला फर्डा होता; वर्ष पुरं व्हायच्या आत बँकेची परीक्षा पास होऊन निघून गेला. उषा गेली, लग्न झालं, आणि पैठणच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती शिकवायला लागली असं कानावर आलं.

त्यानंतर माझी सेमिनारची पाळी आली. मी फळ्यापाशी गेलो आणि माझ्या हातानं आपोआप कोपऱ्यात चौकट आखली. शिस्त म्हणून नव्हे. कुणीतरी उठून मला तसंच अडवेल या भीतीनं. लोकांना ती आवडली. पुढच्या बोलणाऱ्यानंही आखली. हळूहळू नियम झाला. मोठे सर निवृत्त झाले, त्या शनिवारी हजर असलेले एकेक करून पांगले, आणि नव्या मुलांना चौकट आखणारा पहिला माणूस दिसला तो मी. नाव पडलं. मी एकदाही म्हणालो नाही की हे माझं नाव नाही. आधी वाटायचं, योग्य वेळी सांगू. मग इतका उशीर झाला की सांगणंच विचित्र वाटू लागलं.

तिचं सूत्र मी घरी बसून पहिल्यापासून तपासलं होतं. बरोबर होतं. त्याच नादानं मी खुर्च्यांचं गाव सोडून हायपरजिओमेट्रिकच्या गावात राहायला आलो आणि आयुष्यभर तिथंच रमलो. म्हणजे माझा विषयही तिच्याकडूनच आला. एकदा बारावीच्या परीक्षेच्या कामासाठी पैठणला गेलो असताना ती पटांगणाच्या पलीकडं दिसली. तिनं हात केला. मी लगबगीनं छत्री शोधू लागलो. मार्च महिना होता.

मागच्या वर्षी विभागाचा नवा सेमिनार हॉल झाला. सध्याची विभागप्रमुख नीलिमा माझी विद्यार्थिनी. ती घरी आली आणि म्हणाली, "सर, नवीन काचेच्या फळ्यावर चौकट कायमची रंगवून घेतोय. शेजारी पितळी पाटी. 'वैद्य चौकट'. अनावरण तुमच्या हस्ते."

मी म्हटलं, पाटी करू नकोस. ती म्हणाली, कोरायला दिलीय. मी म्हटलं, कोरणाऱ्याला थांबव. तिला वाटलं मी विनय करतोय. मग मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही पोरांना दरवर्षी सांगतो सर, तुमची गोष्ट. की वैद्य सर किती काटेकोर." मी म्हटलं, म्हणूनच. तिनं विचारलं, मग पाटीवर त्यांचं नाव टाकायचं का? मी म्हटलं, ते विचारून येतो.

पैठणला एसटीनं गेलो. मुलगा गाडीनं सोडतो म्हणत होता. मला सोबत नको होती. बिडकीन आता ओळखू येत नाही. कारखान्यांसाठी आखलेले रुंद रस्ते, त्यांच्यावर अजून फार कुणी नाही. मी खिडकीतून सायकलचं एखादं जुनं दुकान दिसतंय का बघत होतो. उगाचच.

घर विचारत विचारत सापडलं. 'साळवे मॅडम' म्हटलं की पैठणमध्ये निम्म्या रिक्षावाल्यांना कळतं. निम्मे तिचे विद्यार्थी. लग्नानंतरही लोक तिला साळवे मॅडमच म्हणत राहिले. ती पुढच्या खोलीत मेथी निवडत बसली होती. केस पांढरे झालेले, नजर तीच. मी दारात उभा. तिनं चष्मा वर करून बघितलं.

"या सर. लई उशीर केला."

मला वाटलं ती दुपारच्या वेळेबद्दल बोलतेय. मी एसटी उशिरा मिळाल्याचं सांगायला लागलो.

"एसटीचं नाय म्हणत मी," ती म्हणाली. "तुम्ही रिटायर झाला तेव्हा वाटलं, आता येतील, आता रिकामे असतील. बसा. चहा टाकते."

मी उषाताई म्हणून सुरुवात केली आणि वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो. जे आठवलं ते सांगितलं. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. मेथीची जुडी संपली तेव्हा दुसरी घेतली. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, मला समजलंय हे तिला तर त्याच दुपारी वर्गात कळलं होतं. माझा चेहराच तसा झाला होता. मग तिनं मला जे सांगितलं ते ऐकून मला कुठं बघावं कळेना. तिच्याच कॉलेजातून आमच्याकडं शिकायला आलेली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीत तिला भेटायला गेली होती. तिनं कौतुकानं सांगितलं, मॅडम, आमच्याकडं वैद्य चौकट असती. मग कागदावर काढूनही दाखवली.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हणाले, व्हय का? बरंय की. रेघ जरा सरळ मार." ती मनापासून हसली. मग हसू थांबलं. "ती गेल्यावर रडले थोडं. ते पण सांगते, नायतर तुम्हाला वाटंल मॅडम लई मोठ्या मनाच्या."

चहा घेताना तिनं सांगितलं, शिकवण्यात ती रमली. पोरांना बारावीचं गणित तिनं असं शिकवलं की शहरातल्या क्लासवाल्यांना पैठणची पोरं मिळेनात. पण तिला जे करायचं होतं ते वेगळं होतं, ते तिला करता आलं नाही, आणि कुणी समजूत काढली तर तिला राग येतो. म्हणून मी समजूत काढली नाही. पाटीचं विचारलं.

"माझं नाव पाटीवर नको," ती म्हणाली. "पाटीवर एक ओळ मावते. वाचणारा म्हणंल, बरं, साळवे तर साळवे. काय झालं ते कुणाला कळणार? तुम्ही ल्याहा. पूर्ण ल्याहा. गणित वगळू नका. चिन्ह काय होतं, तुम्ही काय समजलात, मी काय म्हणाले. वाचणाऱ्याला छेदात चोवीस दिसले पायजेत."

म्हणून वाचकहो, तुम्हाला वर ते सगळं वाचावं लागलं.

आल्यावर मी हा लेख लिहिला आणि छापायला देण्याआधी तिला पाठवला. नीलिमाला सांगून पाटी रद्द केली. काचेच्या फळ्यावर रंगवलेली चौकट मात्र आहे, नाव नसलेली. मुलं आता तिला नुसतं चौकट म्हणतात.

दोन दिवसांनी उषाताईंचा फोन आला. म्हणाल्या, सलीमभाईंची सीताफळं चांगली जमलीत. 'वाटंल' आणि 'म्हणंल' छापायचं असेल तर तसंच छापा, उगाच पुणेरी करू नका. पुढं म्हणाल्या, एका ठिकाणी मात्र चूक आहे.

मसुद्यात मी दोन्ही शनिवारांबद्दल एकेक वाक्य जास्तीचं लिहिलं होतं. ते आता वर नाही. पहिल्या शनिवारी माझा गैरसमज झाला, असं एक. दुसऱ्या शनिवारी मी जे बोललो ते त्याच गैरसमजातून, असं दुसरं.

"दोन्हीकडं एकच शब्द वापरलाय तुम्ही," त्या म्हणाल्या. "पहिल्या शनिवारी गैरसमज होता, मान्य. तुमच्याकडं तसं शिकवलं होतं. दुसऱ्या शनिवारी तुम्ही उभे राहिलात, तेव्हा तुम्हाला समजलं होतं का नाय?"

"समजलं होतं."

"मग दोन वेगळ्या गोष्टींना एकच चिन्ह कसं चालंल सर? तुम्हीच सांगा."

मी कागद पुढं ओढला. फोनवर त्या थांबल्या होत्या. मागं कुकरची शिटी झाली, तरी त्या उठल्या नाहीत. मी ती दोन वाक्यं खोडली, नवी लिहिली आणि त्यांना वाचून दाखवली. ती इथं देतो.

पहिल्या शनिवारी माझा गैरसमज झाला. दुसऱ्या शनिवारी मी खोटं बोललो.

"हं," त्या म्हणाल्या. "आता छापा."